चौदातली तीन

लोहा सोडून बस लातूरच्या वाटेला लागली होती तेव्हा फोन वाजला. त्या दिवशी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात मला भूल देऊन माझी अंडी काढली होती. शुद्धीवर आल्यावर नर्सनं कानाशी येऊन सांगितलं होतं, चौदा निघाली. चौदा म्हणजे किती, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं, पण तिच्या आवाजावरून चांगलंच असणार असं वाटलं. दुपारी आम्ही दोघं गाडीत बसलो. नवऱ्यानं मला खिडकीची जागा दिली. रस्त्यात खड्डा आला की ओटीपोटात कळ उठायची आणि मी मनात म्हणायची, उठू दे, चौदा आहेत.

फोन दवाखान्याच्या लॅबमधून होता. बोलणाऱ्या मॅडमचा आवाज मऊ होता. त्यांनी आधी पोट दुखतंय का विचारलं आणि मग म्हणाल्या, "चौदातली तीनच मॅच्युअर आहेत. बाकीची कच्ची आहेत, ती वापरता येणार नाहीत."

मी त्यांना परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. गाडीचा कंडक्टर माझ्याच डेपोतला होता. तो तिकिटाचं मशीन घेऊन आमच्या सीटपाशी आला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढच्या माणसाकडं वळला.

मी स्वतः एसटीत कंडक्टर आहे. लातूर डेपोला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातली बरीच याच लातूर–नांदेड रस्त्यावर गेली. चाकूर, अहमदपूर, लोहा, कुठं कोण चढतं आणि कुठं उतरतं हे मला डोळे मिटून सांगता येईल. नवरा वीज कंपनीत लाईनमन आहे. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, मी तेहतीस वर्षांची होते आणि माझं वजन ब्याण्णव किलो होतं.

नोकरीला लागले तेव्हा मी बासष्ट किलोची होते. कंडक्टरचं जेवण कुणाच्या वेळेवर नसतं. स्टँडवर दहा मिनिटं मिळाली तर भजी आणि चहा. पाणी प्यायचं नाही, कारण बाईमाणसानं उतरून जायचं कुठं. दुपारची ड्युटी संपवून घरी आलं की जे दिसेल ते खायचं आणि तसंच आडवं व्हायचं. पाळी आधी दोन महिन्यांनी यायला लागली, मग चारनी. पीसीओडी हे नाव ऐकलं तेव्हा वजन ऐंशीच्या वर गेलेलं होतं. भरल्या गाडीत दोन सीटांच्या मधून जाताना लोक पाय आत घ्यायचे, तो आवाज न करता केलेला उपकार मला रोज कळायचा.

मूल होत नाही म्हणून दोघांच्या तपासण्या केल्या, त्यात नवऱ्याचे रिपोर्ट चांगले आले. तेव्हापासून घरात सगळ्यांचे डोळे माझ्या पोटाकडं लागले.

त्या पहिल्या वेळेची, अंडी वाढवायची इंजेक्शनं मी ड्युटी करतच घेतली. रोज संध्याकाळी सहाला, ठरलेल्या वेळेला, पोटात. ती थंड ठेवावी लागत, म्हणून मी बर्फ घातलेला थर्मास घेऊन निघायची. माझ्या गाडीवरचे ड्रायव्हर म्हणजे लातूरचे एक चाचा, निवृत्तीला आलेले. त्यांनी थर्मासात काय आहे हे कधी विचारलं नाही. केबिनमध्ये ऊन येणार नाही अशा बाजूला आपल्या डब्याशेजारी ते थर्मास ठेवायचे. नांदेडला गाडी लागली की मी बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत जाऊन कडी लावायची. खाकी सदरा वर करायचा, पोटाची वळी चिमटीत धरायची आणि सुई टोचायची. नर्स म्हणाली होती, तुम्हाला टोचायला सोपं आहे, धरायला भरपूर आहे. तिनं चेष्टेनं म्हटलं होतं. मी पण हसले होते.

तीन अंड्यांतलं एकच फळलं. दुसऱ्या दिवशी तसा फोन आला. तिसऱ्या दिवशी लॅबच्या मॅडम म्हणाल्या, वाढ थांबली आहे. म्हणजे पोटात सोडायला काहीच नव्हतं. बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल, रजा, सगळं करून मी होते तिथंच होते. फक्त पोटावर निळे डाग उरले होते.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी भेटायला बोलावलं. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझी फाईल उघडली आणि मला वाटलं होतं तसं 'नशीब' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सरळ वजनाचा विषय काढला. मी मान खाली घातली. या विषयावर मान खाली घालायची मला सवय होती.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. चरबी ही कोठीत रचून ठेवलेल्या पोत्यांसारखी नुसती पडून राहत नाही. ती काम करते, रक्तात काहीबाही सोडत राहते. ती फार वाढली की शरीर सतत बारीक सुजलेल्या अवस्थेत राहतं. जखम झाली की तिथं लाल होतं, ठणकतं, तसाच हा प्रकार, पण फार मंद आणि सगळीकडं. मी म्हटलं, मला तर कुठं सूज नाही. त्यांनी माझ्या रक्ताचा कागद काढून एका आकड्यावर बोट ठेवलं. दिसत नाही, दुखत नाही, पण इथं दिसतं, म्हणाल्या.

मग त्यांनी कागदामागं एक गोल काढला, गोलात एक ठिपका. गोल म्हणजे अंडाशयातली अंड्याची पिशवी, ठिपका म्हणजे अंडं, आणि मधल्या जागेत पाणी. ते पाणी रक्तातूनच झिरपून येतं. रक्तात जे फिरतंय त्यातलं काही तिथंही उतरतं. इंजेक्शनानं पिशवी मोठी होते, सोनोग्राफीत छान दिसते, पण आतलं अंडं पिकायच्या शेवटच्या टप्प्यावर अडकू शकतं.

"अडकू शकतं, का अडकतं?" मी विचारलं.

"शकतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पीसीओडी आहे, इन्सुलिनचा त्रास आहे, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. सडपातळ बायकांचीही अंडी कच्ची निघतात."

मला राग आला. मी त्यांना माझ्या थोरल्या जावेचं सांगितलं. ती माझ्याहून जाड आहे आणि तिला तीन मुलं आहेत, तिसरं तर नुकतंच झालं होतं. तिला कधी कुणी सूज सांगितली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रत्येकीचं शरीर सारखं वागत नाही, तसं वागलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. लगेच औषध बदलून परत करून बघायचं, नाहीतर सहा-सात महिने थांबून वजन थोडं उतरवायचं, साखर ताब्यात आणायची, झोप सुधारायची आणि मग करायचं. थांबल्यानं अंडी सुधारतीलच असं नाही. आणि थांबलेल्या काळात वयही वाढणारच.

परतीच्या रस्त्यात मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. दोष पक्का माझा असता तर मी तो कबूल केला असता. दोष नसता तर कुणाच्या तरी तोंडावर तो कागद फेकला असता. पण ते 'शकतं' कुठं ठेवावं ते मला कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात जळकोटजवळच्या आमच्या गावी जावेच्या तिसऱ्या लेकराचं बारसं होतं. जाणं भाग होतं. सासरची शेती आहे, भावकी मोठी आहे, अंगण बायकांनी भरलेलं. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसले, म्हणजे पाळण्यापाशी जावं लागणार नाही. कुणीतरी सासूबाईंना विचारलं, धाकटीचं काय, दवाखाना चालू हाय न्हवं. सासूबाई बाहेर अंगणात होत्या, मी आत आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"त्या पोटात लेकराला जागा कुठं हाय," त्या म्हणाल्या.

दोघी-तिघी हसल्या. माझ्यासमोरच्या बाईनं माझ्याकडं न बघता कढईतली पुरी उलटली. मी लाटत राहिले. किती लाटल्या आठवत नाही. नंतर कणीक संपली तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण सोडलं. सकाळी काकडी, दुपारी ताक, संध्याकाळी परत काकडी. आतली सूज उपासानं जाळून टाकायची असं डोक्यात बसलं होतं. भूक लागली की मला बरं वाटायचं, काहीतरी जळून राहिलंय असं वाटायचं. आंघोळीच्या वेळी पोट दोन्ही हातांनी धरून मी इतकं दाबायची की बोटांच्या खुणा उठायच्या. सतरा दिवसांत सहा किलो गेले. नवरा म्हणाला, तोंड उतरलंय तुझं. मी त्याला म्हटलं, तोंडाचं काय करायचंय.

अठराव्या दिवशी चाकूर आणि अहमदपूरच्या मधे मी गाडीत पडले. एका म्हातारीला सुट्टे पैसे देत होते, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी सीटवर आडवी होते, तिकिटाचं मशीन कुणीतरी गळ्यातून काढून ठेवलं होतं आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. चाचा माझ्या पायाशी उकिडवे बसले होते. त्यांनी आपल्या डब्यातला गूळ माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाईपर्यंत गाडी हलवली नाही. प्रवासी कुरकुरत होते. चाचांनी एकदाच मागं वळून त्यांच्याकडं बघितलं.

अहमदपूरला त्यांनी मला चहा पाजला आणि तिथं बाकावर बसून, समोर बघत, ते बोलले. तीन वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. ते 'आमची लेकरं' म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, त्यांचीच असतील.

"ते लेकरं भावाचे हायत," चाचा म्हणाले. "आम्हाला न्हाई झालं, बेटा. घरवालीनं रोजे धरले, उपास धरले, कुणी काय सांगितलं ते सगळं पोटात घातलं. मी बघत ऱ्हायलो. मला वाटलं, तिची मर्जी हाय. आज तिला एक जिना चढवत न्हाई. मी तेव्हाच बोलायला पायजे होतं."

मी चहा संपवला. ते उठले, ग्लास परत देऊन आले आणि म्हणाले, चल, टाईम झाला.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. असं उपाशी राहिल्यानं शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि दुष्काळात ते सगळ्यात आधी अंडी पिकवायचं थांबवतं, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्यासमोर रडले. मी म्हटलं, खाल्लं तरी बिघडतं, न खाल्लं तरी बिघडतं, मग मी करू काय. त्यांनी कागद घेतला आणि करायचं ते लिहून दिलं. त्यात नवल काहीच नव्हतं. वेळेवर जेवण, ज्वारीची भाकरी, डाळ, भाज्या, इन्सुलिनच्या त्रासावरच्या गोळ्या, रोज चालणं, झोप.

यातली झोप आणि वेळेवर जेवण या दोन गोष्टी कंडक्टरला मिळत नाहीत. मी डेपोत साहेबांकडं अर्ज घेऊन गेले. कारण काय लिहायचं इथंच अडले. शेवटी 'वैद्यकीय कारण' लिहिलं. साहेबांनी काय झालंय विचारलं, तेव्हा भरल्या ऑफिसात, तीन पुरुष बसलेले असताना, मी सांगितलं की मला मूल होत नाही. त्यांनी मान खाली घालून सही केली. मला सकाळची, जवळच्या औशाची फेरी मिळाली. चाचांच्या गाडीवरची ड्युटी सुटली.

सात महिने मी तेच केलं. डेपोच्या मागच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. नवरा कधी कधी सोबत यायचा, खांब चढून उतरून दमलेला असला तरी. उपासानं गेलेले किलो आधी परत आले, मग वजन ब्याण्णवचं चौऱ्यांशी झालं. मधे दोनदा वाढलं. त्या दोन्ही वेळी मला काट्यावरून खाली उतरवेना, जणू उतरले की तो आकडा पक्का होईल. चौतिसावा वाढदिवस गेला. रक्तातला तो सुजेचा आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी तो कागद माझ्याकडं वळवून दाखवला, पण तोंडानं काही आश्वासन दिलं नाही.

दुसऱ्या वेळी नऊ अंडी निघाली. त्यातली सहा मॅच्युअर. फोन आला तेव्हा मी पलंगावर होते, आणि सहा म्हटल्यावर मी उठून बसले, पोटात कळ असतानाही. चार फळली. दोन पाचव्या दिवसापर्यंत टिकली. एक माझ्या पोटात सोडलं, एक गोठवून ठेवलं. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं आणि गर्भ राहिला होता.

त्या चार आठवड्यांबद्दल मला फार लिहिता येत नाही. मी ड्युटीवर नव्हते. नवरा कामावरून आला की दारातूनच माझ्याकडं बघायचा, आणि मी मान हलवली की मग बूट काढायचा. आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा तो भांडी घासताना शिट्टी वाजवून राहिला होता. लग्नाच्या आधी तो शिट्टी वाजवायचा असं त्याच्या मित्रांकडून ऐकलं होतं, मी कधी ऐकली नव्हती.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत राहिल्या. यंत्र परत फिरवलं. परत फिरवलं. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हाही ठोका नव्हता.

मी उठून कपडे सारखे केले आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. "वजनामुळं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा बीजातच काही चूक राहिलेली असते. ती कुणाच्याही बाबतीत राहू शकते. या वेळी तुमची अंडी चांगली आली होती, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते."

मी म्हटलं, चांगली होती तर मग गेलं का. माझ्या नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो झटकून टाकला. त्या सात महिन्यांत मी खाल्लेला प्रत्येक घास आठवायला लागले. दिवाळीत दोन करंज्या खाल्ल्या होत्या. पाऊस असल्यामुळं चालायला गेले नव्हते ते दिवस. यातलं कोणतं त्या अंड्याच्या पाण्यात उतरलं असेल. कुणी सांगितलं असतं की त्या करंज्यांनी झालं, तर त्या दिवशी मला बरंच वाटलं असतं.

पोट रिकामं करून घरी आणल्यावर नवऱ्यानं गावाकडं फोन केला. सासूबाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं लातूरला आल्या. सोबत ज्वारीचं पीठ आणि लोणी. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांना बघायची माझी इच्छा नव्हती. त्यांनीही मला हाक मारली नाही. आठ दिवस त्यांनी घर सांभाळलं, माझे कपडे धुतले, रक्ताचे पण. तिसऱ्या दिवशी मी ताटावर बसले. त्यांनी दोन भाकरी वाढल्या. मी एक बाजूला काढून ठेवली. त्यांनी ती परत माझ्या ताटात सरकवली.

"खा," त्या म्हणाल्या. "म्या बोलले ते चुकले."

मी खाल्ली. त्यांना माफ केलं का, ते मला आजही सांगता येत नाही. पण ती भाकरी मी पूर्ण खाल्ली.

याला आता वर्ष होत आलं. मी पस्तीस पूर्ण केली. वजन शहाऐंशी आहे. सूज वाढली का उतरली हे मी बघितलेलं नाही, रक्त द्यायलाच गेले नाही. नांदेडच्या त्या दवाखान्यात गोठवलेलं एक अजून आहे. गेल्या महिन्यात तिकडून निरोप आला की वर्षाचा करार संपला, पुढं ठेवायचं का टाकून द्यायचं ते दोघांनी येऊन लिहून द्यावं.

आम्ही रजा काढून गेलो. खिडकीपाशी एका मुलीनं फॉर्म दिला. दोन चौकोन होते, एक ठेवण्याचा, एक नष्ट करण्याचा. मी नवऱ्याला म्हटलं, माझ्यात परत सगळं करायची ताकद नाही. तो म्हणाला, मला माहीत हाय. मी म्हटलं, आणि टाका असं लिहायची पण नाही. तो म्हणाला, ते बी माहीत हाय. आमच्या मागं रांगेत तीन जोडपी उभी होती. मुलगी म्हणाली, बसून सावकाश भरलं तरी चालेल.

बाकावर बसून मी फॉर्म मांडीवर घेतला. पेन चालत नव्हतं, त्यानं आपल्या खिशातलं दिलं. मी ठेवण्याच्या चौकोनात खूण केली आणि सही केली. माझ्या सहीखाली त्यानं केली. मुलीनं शिक्का मारला, एक प्रत आम्हाला दिली आणि पुढच्या जोडप्याला बोलावलं.